कसब्याचे पाणी

कसबा गणपती, लाल महाल आणि शनिवारवाडा यांचा इतिहास पुणेकरांस बालपणापासून मुखोद्गत असल्याने त्याची उजळणी न करता मी थेट कसबा पेठेतील तांबट आळीत शिरलो. पेशवाईत कोकणातून येऊन येथे वसलेल्या तांबट कारागिरांच्या हातोड्यांचा ठणठणाट अद्याप सुरू आहे. मात्र ज्या घरांतून तो येतो, ती आता थोडी उरली आहेत.

एक वृद्ध कारागीर घंगाळ मठारीत बसले होते. भट्टीत तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा ठोकून आकारास आणल्यावर त्यावर एकास एक लागून जे असंख्य ठोके पाडतात, त्यांनी भांड्यास झळाळी तर येतेच, पण मऊ पडलेला धातूही पुन्हा कठीण होतो, हे त्यांनी हात न थांबवता समजावून दिले. "नळ घरात आला तसा हंडा गेला, गिझर आला तसा बंब गेला," ते म्हणाले. "घंगाळ अजून नेतात, पण दिवाणखान्यात फुलं ठेवायला."

घरात नळ येण्यापूर्वी, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळाने, केवळ उताराच्या बळावर शहरात आणलेले पाणी पेठांतील हौदांत पडत असे. फडके हौद आणि साततोटी ही नावे आज चौकांपुरती शिल्लक आहेत. पूर्वेच्या हद्दीवरची नागझरी, जिच्या काठी मूळ कसबा वसला, तिला आता सारे नाला म्हणतात, आणि तिची दुर्गंधी पाहता त्यांना दोष देववत नाही.

तरीही या पेठेची कालगणना पाण्याचीच आहे. लग्न, मुंज, वाड्याची वाटणी, सारे 'पुराच्या आधी' किंवा 'पुरानंतर'. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपूर्ण मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही आणि मुठेकाठच्या पेठा जलमय झाल्या. खडकवासला रिता होताच शहराचे नळही आटले. तेव्हा विस्मृतीत गेलेल्या आडांवर पुन्हा रांगा लागल्या, असे शेजारच्या वाड्यातील आजींनी सांगितले. पाणी कुठवर चढले होते, हे दाखविताना त्यांनी जिन्याच्या पायरीवर हात ठेवला.

तो वाडाही आता पाडावयाचा आहे. अशा भिंती, पायऱ्या आणि बुजलेले आड यांची नोंद घेण्याची तजवीज महानगरपालिकेने इमारत पाडण्याचा परवाना देण्यापूर्वीच केली पाहिजे. त्या खुणा दाखवू शकणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.