कुलूपबंद तबकडी आणि जुने यंत्र

अब्दुल करीम खाँ यांनी १९०५ साली गायिलेली लाखेची तबकडी कोणी नीट जपली असेल, तर ती आजही गाते. सुई आणि ठराविक वेगाने फिरणारी थाळी एवढे जमले की पुरे. तबकडी कोणाची परवानगी विचारीत नाही. तिच्यानंतर ९४ वर्षांनी निघालेल्या सुपर ऑडिओ सीडीचा स्वभाव निराळा आहे.

सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी ही तबकडी १९९९ साली बाजारात आणली. आकार नेहमीच्या सीडीएवढाच, १२ सेंटिमीटर. साध्या सीडीवर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून नोंदलेली असते. या तबकडीवर सेकंदाला २८,२२,४०० वेळा केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण होते आणि त्या खुणांच्या दाटी-विरळीतून स्वर उभा राहतो. कानाला हा फरक किती जाणवतो, याविषयी जाणकारांत एकमत नाही. तो वाद बाजूस ठेवलेला बरा. मुद्दा असा की ही नोंद सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. पुष्कळ तबकड्यांत साध्या सीडीचाही एक थर असतो. संगणकाला तेवढाच वाचता येतो. दुसरा थर त्याच्या लेखी नसल्यासारखाच.

आता आदिलाबाद जिल्ह्यातील बेला गावाचा विचार करावा. गाव तेलंगणात, पण पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र. मराठी तेथे घरोघर ऐकू येते. अशा गावी एखाद्या रसिकाने या तबकड्या हौसेने जमविल्या असतील, तर त्याचे सारे संगीत घरातल्या एकाच यंत्राच्या लेसर किरणावर अवलंबून राहते. तो किरण मंदावला की दुरुस्ती करणारा कारागीर शोधायचा कोठे?

मौज अशी की कुलपाची किल्लीही जुन्या यंत्रांतच सापडली. २००६ साली आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राच्या पहिल्या नमुन्यांना ही तबकडी वाचता येत असे. पुढच्या नमुन्यांतून कंपनीने ती सोय काढून टाकली. हौशी तंत्रज्ञांनी २०११ च्या सुमारास त्या पहिल्या नमुन्यांतून संपूर्ण तबकडीची प्रत काढून दाखविली. पुढे ओप्पो बीडीपी-१०३, पायोनियर बीडीपी-१६० व सोनी बीडीपी-एस३९० यांसारख्या काही ब्लू-रे प्लेअरांतही तीच वाट मिळाली. छोटी आज्ञावली घातलेला पेनड्राइव्ह प्लेअरला लावावयाचा आणि प्लेअर घरातल्या नेटवर्कने संगणकाशी जोडावयाचा. कुलूप प्लेअरच उघडतो. संगणक समोर आलेली नोंद उतरवून घेतो. दोन वाहिन्यांचे तासभराचे संगीत, न आवळता ठेवल्यास, सुमारे अडीच गिगाबाइट जागा घेते.

येथे कायद्याचाही विचार करावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या ६५-अ कलमाने, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविला आहे. तेव्हा विकत घेतलेल्या तबकडीची प्रत स्वतःच्या कपाटात ठेवणे वेगळे आणि ती गावभर वाटणे वेगळे.

ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणे थांबविले. आता उरले ते जुन्या बाजारातले नग, आणि त्यांचेही किरण वापरागणिक झिजत आहेत. ज्यांच्या कपाटात असा एखादा प्लेअर धूळ खात पडला असेल, त्यांनी तो भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी पाठीमागचा नमुना-क्रमांक एकदा वाचून पाहावा.