संगणक घेताना मदरबोर्ड कसा पारखावा?



परीक्षेच्या अर्जापासून प्रकल्पापर्यंत आज विद्यार्थ्याला संगणक लागतो. नवा परवडत नाही म्हणून अनेक पालक सुटे भाग जोडून घेतात किंवा जुनाच सुधारून घेतात. अशा वेळी सारे लक्ष प्रोसेसरकडे जाते आणि ज्यावर सर्व भाग बसतात त्या मदरबोर्डकडे दुर्लक्ष होते. मी कला शाखेचा पदवीधर. यातले जे थोडे समजले ते नुकसान सोसूनच.

अभ्यासिकेतील संगणकासाठी सभासदांच्या वर्गणीतून मी एम.२ प्रकारची एसएसडी आणली. दुकानदार म्हणाला, ‘बसेल.’ ती बसली, पण संगणकाला दिसेना! खोके उघडलेले, म्हणून परतही घेतली नाही.

कारण नंतर उमगले. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या खाचेतून माहिती दोन पद्धतींनी जाते : साटा किंवा एनव्हीएमई. आमची एसएसडी साटाची होती. बोर्डावरील खाच फक्त एनव्हीएमईची.

पूर्वी हार्ड डिस्क रुंद, चपट्या आयडीई केबलने जोडत. तिचा वेग सेकंदाला फार तर १३३ एमबी. २००३ पासून साटा आली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्यक्ष वेग सुमारे ५५० एमबी मिळतो. २०११ मध्ये आलेली एनव्हीएमई पद्धत पीसीआय एक्सप्रेस मार्गाने चालते. तिसऱ्या पिढीच्या मार्गावर ती सुमारे ३५०० एमबीपर्यंत जाते. तथापि जुन्या संगणकातील हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसविली तरी मोठा फरक जाणवतो.

आता चिपसेट. बँकेत किती काउंटर उघडायचे आणि कोठे कोणते काम घ्यायचे हे जसे आधी ठरलेले असते, तसे बोर्डावर कोणता प्रोसेसर, किती रॅम व किती ड्राइव्ह चालतील हे बहुतांशी चिपसेट ठरवतो. इंटेलच्या एच६१० वर रॅमच्या दोनच खाचा असतात, बी७६० वर चारपर्यंत. जुन्या बाजारात तर अधिक सावध राहावे. एच११० आणि एच३१० या दोन्हींचे सॉकेट एलजीए ११५१. परंतु आठव्या पिढीचा प्रोसेसर एच३१० वर चालतो, एच११० वर चालत नाही. म्हणजे येथेही बसले म्हणून चालले असे नव्हे.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात :

१) प्रोसेसरचे नाव बोर्डनिर्मात्याच्या यादीत आहे काय? त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते?

२) रॅम डीडीआर४ की डीडीआर५? एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही.

३) एम.२ खाच साटा घेते, एनव्हीएमई घेते की दोन्ही? काही बोर्डांवर ती वापरल्यास साटाचे एक पोर्ट बंद पडते.

ही उत्तरे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत असतात. ती निर्मात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. इंग्रजीला बिचकू नये, घरातील विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावी.

आमची ती एसएसडी वाया गेली नाही. एम.२ साटासाठी मिळणाऱ्या छोट्या डबीत घालून ती दुसऱ्या जुन्या संगणकाला साटा केबलने जोडली.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्तातील भगवान बुद्धांची शिकवण आहे. कष्टाचा पैसा खर्च करतानाही ती तितकीच उपयोगी पडते.