बावीस विद्यार्थ्यांची खोली

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर, मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्याच्या वस्तीत, कोलंबिया विद्यापीठाचे मुख्य आवार आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाच्या सनदेने 1754 साली किंग्ज कॉलेज म्हणून जिचा आरंभ झाला, स्वातंत्र्ययुद्धानंतर 1784 मध्ये जिने राजाचे नाव टाकून आजचे नाव धारण केले, आणि 1897 मध्ये जी या जागी येऊन स्थिरावली, अशी ही खासगी संस्था. अलीकडच्या वर्षांत तिच्या पदवी अभ्यासक्रमासाठी येणाऱ्या अर्जांपैकी शेकडा चारांच्या आसपासच मंजूर होतात, आणि आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतून तिचा उल्लेख होतो तो बहुधा एवढ्याच कारणाने. दरवाजा किती अरुंद आहे हे एकदा कळले, की आत काय चालते याची चौकशी करण्याची कोणाला निकड वाटत नाही. माझ्या मते मात्र या विद्यापीठाचे खरे मोल त्याच्या एका लहानशा खोलीत आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर, ज्या संस्कृतीने एवढा संहार घडवून आणला तिच्या विचारांची मुळे तरुणांना ठाऊक असली पाहिजेत या जाणिवेतून, 1919 साली तिथल्या अध्यापकांनी समकालीन संस्कृतीचा एक अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा केला. 1937 मध्ये त्याला अभिजात साहित्याच्या वाचनाची जोड मिळाली, आणि पुढे कला, संगीत, विज्ञान व लेखन यांची भर पडून जे सिद्ध झाले त्याला तिथे ‘कोअर’ म्हणतात. कोलंबिया कॉलेज या विद्यापीठाच्या पदवी महाविद्यालयात दाखल झालेला विद्यार्थी पुढे भौतिकशास्त्राकडे वळणार असो, अर्थशास्त्राकडे वा रंगभूमीकडे, पहिल्या वर्षी त्याला होमरपासून सुरुवात करून तेच ग्रंथ वाचावे लागतात जे त्याच्या शेजारच्या खोलीतला मुलगा आणि वरच्या मजल्यावरची मुलगी वाचत असते. शे-दीडशे मुलांपुढे दिलेले व्याख्यान इथे नसते. सुमारे बावीस विद्यार्थी आणि एक अध्यापक आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी जवळजवळ दोन तास, समोरासमोर बसतात.

इलियडचे शेवटचे पर्व घ्या. म्हातारा प्रायम राजा रात्री शत्रूच्या छावणीत शिरतो, ज्याने आपला पुत्र मारला त्या अकिलीझचे गुडघे धरतो, आणि हेक्टरचे शव परत मागतो. मग दोघेही रडतात, एक पुत्रासाठी, दुसरा दूर राहिलेल्या पित्यासाठी आणि मारल्या गेलेल्या मित्रासाठी. अध्यापक येथे काही समजावून सांगत बसत नाही; हे दोघे एकत्र रडत आहेत की आपापले, एवढेच तो विचारतो, आणि ज्याने रात्री पुस्तक उघडलेच नाही त्याला बावीसांच्या त्या वर्तुळात तोंड लपवायला जागा उरत नाही. आपल्या महाभारतातल्या स्त्रीपर्वात पुत्रांसाठी विलाप करणारी गांधारी ज्याच्या कानावरून लहानपणी गेली आहे, असा एखादा मराठी मुलगा तिथे बसला असेल, तर त्याला बोलण्यासारखे पुष्कळ असेल. मात्र आपले म्हणणे त्याला पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून सिद्ध करून दाखवावे लागेल. या शिस्तीला मी फार मानतो. मत असणे सोपे आहे, आणि ते मजकुरात दाखवणे ही तालीम आहे.

कोणते ग्रंथ वाचायचे, हा वाद मात्र मिटलेला नाही, आणि तो मिटू नये. बटलर ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर होमर, हिरोडोटस, सोफोक्लीझ, प्लेटो अशी नावे दगडात कोरलेली आहेत, आणि ती सगळी पुरुषांची आहेत. 1989 साली विद्यार्थ्यांनी त्यांच्या वर सॅफोपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंतच्या लेखिकांच्या नावांचा लांबलचक फलक टांगला; 2019 मध्ये पुन्हा असा फलक लागला तेव्हा टोनी मॉरिसन, माया अँजेलो यांच्या पंक्तीत तमिळ तृतीयपंथी लेखिका ए. रेवती यांचेही नाव होते. दरम्यान 2015 मध्ये मॉरिसन यांची कादंबरी पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या यादीत आली होती. यादी बदलते, पण सर्वांनी एकच पुस्तक वाचायचे हा दंडक टिकतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

महाराष्ट्राचा या आवाराशी असलेला संबंध या सक्तीच्या अभ्यासक्रमाहूनही जुना आहे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मंजूर केलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर येथे पदव्युत्तर अध्ययनासाठी आले, आणि लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 असे वर्ग त्यांनी घेतले. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे ड्यूई, इतिहासाचे रॉबिन्सन यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. पदवीपुरते शिकून निघावे असा हा हिशेब नव्हे. जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरचा त्यांचा पहिला प्रसिद्ध निबंध 9 मे 1916 रोजी वाचला गेला तो कोणत्या सभागृहात नव्हे, तर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. एवढा दूरगामी विचार प्रथम ज्या श्रोत्यांपुढे मांडला गेला ते मोजकेच विद्यार्थी आणि एक अध्यापक होते, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही.

वर्गाबाहेरचे आयुष्यही सौम्य नाही. वाचनाचा बोजा एवढा असतो, की सत्र चालू असताना बटलरमधले दिवे रात्रभर तेवतात, आणि परीक्षेच्या तोंडावर एका ठरलेल्या मध्यरात्री सारे विद्यार्थी एकदम मोठ्याने ओरडून मनावरचा ताण मोकळा करतात. 1968 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये निषेध आंदोलनांच्या वेळी तिथल्या विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल ही आवारातली इमारत ताब्यात घेतली, आणि दोन्ही वेळा आवारात पोलिस आले. वाद करायला शिकवणाऱ्या संस्थेला तो वाद आपल्याच दारी आल्यावर सोसवत नाही, हे दुःख तिथल्या अनेक अध्यापकांनीही बोलून दाखवले आहे.

बावीसांची ही खोली अतिशय खर्चिक असते. शिक्षणशुल्क, निवास, भोजन मिळून वर्षाचा आकडा 90 हजार डॉलरांच्या घरात जातो. प्रवेश मिळालेल्याची सिद्ध झालेली आर्थिक गरज विद्यापीठ पूर्ण भागवते. परंतु भारतासारख्या परदेशातून येणाऱ्याने मदत मागितली, तर ती गोष्ट निवडीच्या वेळीच विचारात घेतली जाते, आणि अर्ज करणाऱ्या कुटुंबाला हे आधी माहीत असलेले बरे.

लहान वर्ग हे भूषण असल्यामुळेच त्याविषयीच्या आकड्यांना मोह चिकटतो. 2022 मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी दाखवून दिले, की एका नामांकित क्रमवारीकडे विद्यापीठाने पाठवलेली माहिती खरी नाही; विसाहून कमी विद्यार्थ्यांचे वर्ग शेकडा 82.5 असल्याचा दावा होता, आणि त्यांच्या मोजणीत ते प्रमाण 63 ते 67 च्या दरम्यान भरले. विद्यापीठाला चूक कबूल करावी लागली, दुसरा क्रमांक जाऊन अठरावा आला, आणि 2023 मध्ये त्या क्रमवारीला पदवी अभ्यासक्रमाची माहिती देणेच त्याने बंद केले. आता कोलंबिया आपला ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे अमेरिकेतली विद्यापीठे एकाच ठरलेल्या नमुन्यात देतात ती माहिती, स्वतः प्रसिद्ध करते. मुलाला तिकडे पाठवू पाहणाऱ्या पालकाने क्रमवारी बाजूला ठेवून त्या कागदपत्रातला वर्गसंख्येचा तक्ता आधी उघडावा, आणि इतर ज्या विद्यापीठांची नावे मनात असतील त्यांचेही तक्ते त्याच्या शेजारी ठेवून वाचावेत.