शस्त्रकौशल्याचे जतन : अमेरिकेतील शल्य-अतिदक्षता प्रशिक्षणातील एक पेच

अमेरिकेत सामान्य शल्यचिकित्सेचे ५ वर्षांचे निवासी प्रशिक्षण संपवून अपघातग्रस्तांच्या उपचाराकडे वळणारा शल्यचिकित्सक बहुधा १ वर्षाची शल्य-अतिदक्षता फेलोशिप स्वीकारतो. या वर्षाचा मोठा भाग व्हेंटिलेटर, रक्तदाब, मूत्रपिंडाचे कार्य आणि जंतुसंसर्ग यांकडे लक्ष देण्यात जातो. स्वतंत्र जबाबदारी घेण्याच्या अगदी आधीच्या वर्षी हात शस्त्रक्रियागृहापासून दुरावतो. या विसंगतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तिचे मूळ केवळ अभ्यासक्रमात नाही. पूर्वी प्लीहा वा यकृत फाटल्यास पोट उघडणे हाच प्रचलित मार्ग होता. सीटी स्कॅन व धमनी आतून बंद करण्याचे तंत्र आल्यावर, रक्तदाब स्थिर असलेल्या अशा बहुसंख्य रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागत नाही. रुग्णाचे त्यात हितच आहे. शिकणाऱ्याची संधी मात्र घटते. शिवाय शस्त्रक्रियेसाठी उरतात ते अधिक अत्यवस्थ रुग्ण.

फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये कारक कौशल्य आत्मसात होण्याच्या बोधात्मक, साहचर्यात्मक व स्वयंचलित अशा तीन अवस्था मांडल्या. टाका घालणे, गाठ मारणे ही कौशल्ये स्वयंचलित झालेली असतात. ती सहजी विसरली जात नाहीत. परंतु गळपट्टीच्या हाडाखाली फुटलेल्या धमनीपर्यंत काही मिनिटांत पोहोचण्याचा मार्ग निवासी काळातही क्वचितच हाताळलेला असतो. तो पहिल्या अवस्थेतच राहतो व प्रथम निसटतो, असे मानणे तर्कसंगत ठरते. त्यामुळे शस्त्रक्रियांची नुसती संख्या मोजणे (शिक्षणक्षेत्राला तासिका मोजण्याची सवय आहेच) येथे फारसे उपयोगी नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा ‘असेट’ हा एकदिवसीय अभ्यासक्रम नेमका हाच भाग मृतदेहावर शिकवतो. अपघात-शल्यचिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेने मान्य केलेल्या तीव्र-शल्यसेवा फेलोशिपमध्ये अतिदक्षतेला शस्त्रक्रियेच्या अनुभवाची जोड देऊन प्रशिक्षण २ वर्षांचे केले आहे. अतिदक्षता विभागातही श्वासनलिकाछेद किंवा उघड्या ठेवलेल्या पोटाची पुनर्तपासणी अशी कामे असतात; पण ती तातडीच्या रक्तस्राव-नियंत्रणाची जागा घेऊ शकत नाहीत.

काही ठिकाणी फेलोला ठरावीक रात्री शस्त्रक्रियेची पाळी दिली जाते. प्रस्तुत लेखकाला हा उपाय सर्वांत व्यवहार्य वाटतो, मात्र एका अटीवर : त्या रात्री अतिदक्षता विभागातील रुग्णांची जबाबदारी दुसऱ्या जाणकार चिकित्सकाकडे नावानिशी सोपवलेली असावी.