चौथा मुलगा

पेसाहच्या सेदरला हगादात चार मुलगे भेटतात: शहाणा, दुष्ट, भोळा आणि ज्याला विचारताच येत नाही तो चौथा. मुलांनो, १६९५ सालच्या आम्स्टरडॅमच्या हगादाच्या चित्रात दुष्ट मुलगा चक्क शिपाई आहे! चांगला मोठा बाप्या, त्यात मूल कुठे दिसायचे? आपल्या पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी-हिब्रू पुस्तकात मात्र लुगडी नेसलेल्या बाया मत्सा करताना आहेत. घरच्यासारखे वाटते.

मला चौथा जवळचा. तो विचारत नाही, म्हणून त्याच्याशी बोलायला आपणच सुरुवात करायची असते. तिथे 'तू' साठी हिब्रूत 'अत' हा बाईमाणसाला म्हणायचा शब्द आहे. म्हणून कोणी म्हणतात, पोराशी आईसारखे हळू बोलावे. पटते मला.

गेल्या सेदरला नातू भरभर हिब्रूत विचारत होता आणि मीच गप्प, अर्धे कळलेच नाही. चौथा मुलगा मीच! मग त्याने माझा हात धरला नि मोडक्या मराठीत म्हणाला, "आजी, तुझ्या गावाला मत्सा कोण करायचं?"

मी सांगत बसले. सूप निवून गेले.