पोटाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताय?

"पोट साफ होतं का?" डॉक्टर विचारतात. आपण म्हणतो, "हो, तसं बरं होतं." या उत्तरातून त्यांना काय कळणार?

त्यासाठी चक्क एक तक्ता आहे! ब्रिस्टल विद्यापीठातल्या स्टीफन लुईस आणि केन हीटन यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात मलाचे सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे लेंड्यांसारखे कडक, सुटे खडे आणि सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तीन आणि चार उत्तम. आठवडाभर कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहा. लाजायचं कारणच उरत नाही.

पोळी सोडलीत? थांबा! गव्हाच्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजाराची रक्ततपासणी गहू पोटात जात असतानाच खरं सांगते. आधीच पथ्य धरलं, तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

पित्ताच्या गोळीचंही तसंच. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला ती लपवू शकते. हाच जिवाणू १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल स्वतः प्यायले आणि काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या! २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. या जिवाणूसाठी श्वासाची किंवा मलाची तपासणी करायची, तर पँटोप्राझोलसारख्या गोळ्या साधारण दोन आठवडे बंद ठेवतात. पण डॉक्टरांना विचारूनच.

रात्री घेतलेलं चूर्ण आपण औषधात धरत नाही. त्यात सोनामुखी असेल आणि ते महिनोन्महिने चालू असेल, तर मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट पडू शकतं. दुर्बिणीतून ते स्पष्ट दिसतं. चूर्ण बंद केलं की हळूहळू पूर्ववत होतं. तेव्हा डबीच सोबत न्या.

लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो, बिटाच्या कोशिंबिरीने लाल. गोळ्या चालू नसताना डांबरासारखा काळा, चिकट मल झाला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

पट्टा एक भोक आत गेला, पोटदुखीने रात्री झोपमोड होते, शौचातून रक्त जातं, घास अडकतो, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता, यातलं काहीही असेल तर खुर्चीत बसल्याबसल्या आधी तेच सांगा. गॅस आणि ढेकरांचं नंतर.