साडेबारा ते साडेसहा : मूल कोणाकडे?

तिसरी-चौथीतले मूल. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी पोट दुखते म्हणते. जंताचे औषध देऊन झाले, रक्त-लघवी तपासून झाली, सोनोग्राफीतही काही निघाले नाही. अशा वेळी नवे औषध लिहिण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा लागतो : शाळा सुटल्यावर याला जेवायला कोण वाढते? उत्तर बरेचदा ठरलेले असते. किल्ली त्याच्याकडेच असते, जेवण ओट्यावर झाकून ठेवलेले असते.

मूल एकटे बसून ते जेवण जेवत नाही. बिस्किटाचा पुडा फोडते आणि मोबाइल घेऊन बसते. सकाळपासून पाणी जेमतेम पेलाभर पोटात गेलेले असते. शाळेतले संडास घाण, म्हणून शौच दाबून धरलेली असते. यातून बद्धकोष्ठता होते व पोट दुखते. लघवी तुंबवून ठेवण्याच्या सवयीने मुलींना लघवीचा संसर्गही होतो. शिवाय रिकाम्या घराची भीती लहान मुलांना शब्दांत सांगता येत नाही, ती पोटदुखीच्या रूपाने बाहेर पडते. हे ढोंग नव्हे. पोट खरोखरच दुखत असते.

हा प्रश्न मोठ्या शहरांत जुना आहे. मध्य रेल्वेने जुलै 2017 मध्ये मुंबईचे माटुंगा स्थानक संपूर्णपणे महिलांच्या हाती सोपवले. स्थानक व्यवस्थापक, तिकीट खिडकी, तिकीट तपासनीस, सुरक्षा दल, सगळीकडे बायकाच. पुढच्या वर्षी लिम्का बुकात त्याची नोंदही झाली. कौतुक झाले ते योग्यच. पण पाळीने ड्युटी करणाऱ्या बाईचे मूल शाळेतून सुटते तेव्हा जाते कुठे, हे कौतुकाच्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. (पुरुष कर्मचाऱ्याला तर हा प्रश्न कोणी कधी विचारतच नाही.)

कायद्याचाही येथे फारसा आधार मिळत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सोय सांगितली ती सहा वर्षांखालील मुलांसाठी. 2017 मध्ये 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले, तेही मातृत्व लाभाच्या कायद्यातून, म्हणजे तान्ह्या मुलांचा विचार करून. मूल पहिलीत गेले की ते 'मोठे' झाले असे धरले जाते. सकाळच्या पाळीची शाळा मात्र साडेबाराच्या सुमारास सुटते आणि आईवडील लोकलने घरी पोचेपर्यंत साडेसहा वाजतात. हे सहा तास माटुंगा-दादर भागात आजीने, शेजारच्या काकूंनी नाहीतर घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी सांभाळले. आता आपल्या गावांतही दोघे नोकरीला आणि आजी-आजोबा मूळ गावी, अशी घरे वाढली आहेत.

पाळणाघर बघायला जाताना भर दुपारी, न सांगता जावे. मुले किती आणि सांभाळणारी माणसे किती, ते मोजावे. खिडक्यांना गज, गच्चीच्या दाराला कडी, औषधे व फिनेल उंचावर, एवढे नजरेने तपासता येते. सकाळी सहाला शिजवलेला भात दुपारपर्यंत ओट्यावर राहू देऊ नये, उलट्या-जुलाबाचे ते एक कारण आहे. डबा तिथल्या फ्रिजमध्ये ठेवून, चांगला गरम करून वाढायला सांगावे. दम्याचा पंप असेल तर तो कसा वापरायचा हे बाईंना समोर करून दाखवावे. मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावे लिहून द्यावीत, आणि त्याखेरीज कोणाच्याही ताब्यात मूल देऊ नये असे स्पष्ट सांगावे.

एक अवघड प्रश्न विचारायला संकोचू नये : दुपारी या घरात आणखी कोण असते, कोण येते-जाते? मुलांवरचे लैंगिक अत्याचार बरेचदा ओळखीच्याच माणसांकडून होतात. आनंदाने जाणारे मूल एकाएकी नको म्हणू लागले, अंथरूण ओले करू लागले किंवा एखाद्या माणसाला टाळू लागले, तर त्याला रागावू नका. त्याचे ऐकून घ्या. मुलगा असला तरी हेच लागू. मदतीसाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलालाही पाठ असावा.

एकटे केव्हा ठेवावे? माझ्या मते दहा वर्षांखाली मुळीच नाही. त्यानंतरही सुरुवात दिवसाउजेडी अर्ध्या तासाने करावी, आणि गॅस बंद असावा. मात्र दहा वर्षांच्या ताईच्या गळ्यात पाच वर्षांचा भाऊ बांधणे ही सोय नव्हे. तिचा खेळ, अभ्यास आणि झोप त्यात जाते, आणि काही अपघात झालाच तर जन्मभराची अपराधी भावना तिच्या वाट्याला येते.

मे महिन्याची सुट्टी हे वेगळेच प्रकरण. मामाच्या गावी पाठवणे उत्तम, पण तिथे विहीर, नदी, शेततळे असते. पाण्याजवळ लक्ष ठेवायला एका मोठ्या माणसाचे नाव ठरवून द्यावे. 'सगळे आहेत की घरात' म्हणजे कोणीच पाहत नाही. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्था सुट्टीत शिबिरे घेतात, तशा व्यायामशाळा आपल्याकडेही आहेत. परंतु शिबिर दोन-तीन तासांचे, उरलेल्या दिवसाचे काय?

यावर एक हिशेब करून पाहा. सुट्टी सहा आठवड्यांची धरली, तर आठवड्याचे सहा म्हणून कामाचे 36 दिवस झाले. एका इमारतीतल्या चार घरांनी एकत्र यायचे ठरवले तर आईवडील मिळून आठजण. प्रत्येकाच्या वाट्याला चार ते पाच दिवसांची रजा येते. त्या दिवशी चारही घरची मुले त्याच घरी जेवतील, दुपारच्या उन्हात आत राहतील, संध्याकाळी मैदानात जातील. बाबांची पाळी आईवर ढकलायची नाही, एवढे आधीच ठरवून घ्यावे.

आता पुन्हा पोटदुखीकडे. सोबतीला माणूस, गरम जेवण, शाळेत पाण्याची बाटली संपवणे आणि रोज जेवणानंतर दहा मिनिटे शांतपणे संडासला बसणे, एवढ्याने पुष्कळ मुले काही आठवड्यांत बरी होतात. पण दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, हिरव्या उलट्या किंवा ताप असेल, अथवा दुखणे बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली स्थिरावले असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.